ताईचं घर भाड्याने देताना

४ मार्च, सोमवार

पोहोचले एकदाची. टॅक्सीवाल्याने सामान फाटकाशी उतरवलं, त्यात माझ्या बॅगेचं एक चाक त्याच्याच हातून निखळलं. ओशाळला बिचारा, पण लगेच म्हणाला, मावशी, तीन चाकांवरही जग चालतं, माझी पहिली रिक्षा तीन चाकांचीच होती. मला इतकं हसू आलं की सुट्टे परत घ्यायचे राहूनच गेले.

घर जसंच्या तसं आहे. ताईला जाऊन वर्ष होत आलं, तरी कुलूप उघडल्यावर आतून तिच्या टाल्कम पावडरचा वास आला. पुढच्या खोलीत उन्हाचा तिरका पट्टा, त्यात तिची वेताची खुर्ची. मग मधली खोली. तिच्या एका बाजूला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या बाजूला ताईची झोपायची खोली. त्या खोलीतून आणखी आत गेलं की शिवणाची खोली. तिथे मशीन, कापडाचे गठ्ठे आणि बटणांच्या बरण्या. मी ताईच्या खोलीत पथारी टाकली आहे. तिच्या पलंगाला अजून मध्ये तो खळगा आहे, त्यात मी अगदी बरोबर मावते.

मालकीण म्हणून पहिलाच दिवस. जन्मभर मी दुसऱ्यांच्या घरात राहिले. आधी कॉन्व्हेंटचं बोर्डिंग, मग नोकरीच्या गावातल्या खोल्या, लग्नानंतरही भाड्याचीच घरं. आता ज्या घरात आहे त्याच्या मालकाला मुलासाठी जागा हवी आहे, महिनाअखेर मला निघावं लागेल. हे घर भाड्याने गेलं की त्या पैशात लेकीच्या घराजवळ एखादी छोटी जागा घेता येईल. लेक म्हणते आमच्याकडेच राहा. पण तिच्या घरात जावयाला दारात खाकरून आत यावं लागेल, असं राहणं मला नको.

आज एक गंमत झाली. शिवणाच्या खोलीत जाताना मी दारावर टकटक केली आणि थांबले. रिकाम्या खोलीला! कॉन्व्हेंटच्या मदर आम्हाला शिकवायच्या, दार ठोठावा, थांबा, आतून होकार आला की मगच पाऊल टाका. होकार नसेल तर ती खोली तुमची नाही. बोर्डिंगमध्ये ताईच्या आणि माझ्या पलंगांमध्ये लाकडी फळी होती. घरची आठवण आली की मी फळीवर दोनदा टकटक करायची, थांबून एकदा. ताई पलीकडून म्हणायची, ये. बस, तेवढंच. त्या एका शब्दावर मी लहानाची मोठी झाले.

मजा म्हणजे याच ताईने मला फोनवर बजावलं होतं, माझ्या घरात आलीस तर कुठलंही दार ठोठावायचं नाही हं, सरळ ढकलायचं. कबूल? मी कबूल म्हटलं होतं. किती जीव तिचा माझ्यावर. तुझंच घर आहे, असं सांगण्याची तिची ती रीत.

५ मार्च, मंगळवार

सकाळीच लेकीचा फोन. तिचं म्हणणं, एजंटकडे देऊन मोकळी हो. तो माणसं पारखतो, करार करतो, नळ गळला तर प्लंबर पाठवतो, आणि मुदत संपली की सामानासकट बाहेरही काढतो. एका महिन्याचं भाडं घेतो, घेऊ दे. तू कुणाला नाही म्हणू शकत नाहीस, आई, तुझ्या डोक्यावर कुणीही येऊन बसेल.

मला ते पटतंही आणि पटत नाहीही. एजंटला घर म्हणजे किल्ली. मला हवंय कुणीतरी असं, जे ताईच्या कुंड्यांना पाणी घालेल, वेताच्या खुर्चीवर ओले टॉवेल टाकणार नाही. अशी माणसं आपण स्वतः समोर बसवून, चहा देऊन, ओळखायची असतात. जावयाने मागून ओरडून विचारलं, मग चहाचा खर्च भाड्यात धरणार का? लेक हसली. मीही हसले.

दुपारी शेजारीण भेटली. तिच्या खिडकीचा पडदा सारखा हलत असतो, म्हणून मी मनात तिचं नाव पडदेवाली ठेवलंय. मी कुंपणावरून ओळख करून दिली तर म्हणाली, म्हणजे तुम्ही त्यांच्या बहीण. तुम्हीही तशाच का? मी विचारलं, तशाच म्हणजे? तर म्हणे, अहो काय बाई होती. पायाने दारं उघडायची. धाड, धाड. आणि ओरडायची, हो बाजूला, माझं घर आहे. घरात चिटपाखरू नाही आणि ही ओरडतेय. आम्ही खिडक्या लावून घ्यायचो.

माझे कान तापले. शिष्टाचाराचं पदक मिळवलेली माझी ताई! मी म्हटलं, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. तिने खिडकी लावून घेतली. माझ्या तोंडावर.

७ मार्च, गुरुवार

एजंट येऊन गेला. तब्येतीने आडवा, गळ्यात चष्मा, तोंडात सुपारी. पायपुसण्याकडे न बघता आत आला आणि पुढच्या खोलीच्या मधोमध उभा राहून जोरात टाळी वाजवली. मी दचकले. म्हणाला, घर ऐकून घ्यावं लागतं, मॅडम.

मी त्याला घर दाखवायला घेतलं. मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी टकटक केली, थांबले, आणि उघडलं. ताईच्या खोलीला तसंच. शिवणाच्या खोलीशी पोहोचून मी हात उचलला, तेव्हा त्याने चक्क माझं मनगट धरलं. विचारलं, आत कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही, सवय आहे माझी. किती दिवस करताय? आल्यापासून. थांबताही? थांबते की, मॅनर्स आहेत. तो सुपारी चघळायचा थांबला.

म्हणाला, मॅडम, मोकळ्या घरात मालकाने दार ठोठावायचं नसतं. भाडेकरू बसला की मग ठोठावायचं, कारण मग खोली त्याची. तुम्ही कुणाच्या परवानगीसाठी थांबताय? आमच्या धंद्यात मोकळ्या घराचं दार आम्ही आवाज करत, ढकलूनच उघडतो. मग त्याने शिवणाच्या खोलीचं दार खांद्याने ढकललं. ते भिंतीवर आपटलं आणि बटणांची एक बरणी खाली पडून फुटली. सॉरीसुद्धा नाही. वर मला सल्ला, घर माझ्याकडे द्या आणि आजच्या आज निघा, दारं मी बघतो.

मनगट धरलं माझं! या माणसाच्या हाती ताईचं घर? मी गोड शब्दांत सांगितलं, मी स्वतःच देईन, खासगीत. तो खांदे उडवून म्हणाला, तुम्ही दिलंच आहे, कुणाला ते तेवढं बघा.

संध्याकाळपर्यंत बटणं वेचत होते. मग सुंदर अक्षरात पाटी लिहिली, ‘घर भाड्याने देणे आहे, मालकिणीला भेटा’, आणि फाटकाला तारेने बांधली. किराणावाल्याकडे आणि लाँड्रीत एकेक कागदही लावून आले. मालकिणीला भेटा. किती छान वाटलं लिहिताना.

९ मार्च, शनिवार

पहिले लोक आले, एक तरुण जोडपं. नवऱ्याने भिंतींवर टिचक्या मारल्या, ओल आहे म्हणाला. नाही आहे. बायको सारखी नाक मुरडत होती. शिवणाच्या खोलीशी मी टकटक केली (एजंट गेला खड्ड्यात), थांबले, आणि दोघांना आत नेलं. ती मशीनपुढच्या स्टुलावर बसली आणि चटका बसल्यासारखी उठली. स्टूल गरम आहे, म्हणाली. आत्ता कुणी उठून गेल्यासारखं.

त्या खोलीत ऊन येत नाही. मी हात लावून पाहिला. गरम होतं.

नवरा म्हणाला, आधीचे भाडेकरू अजून गेलेले दिसत नाहीत, आम्हाला कशाला बोलावलंत? मी म्हटलं, आधीचे कुणी नाहीतच. तो म्हणाला, काकू, आम्ही काय दूधखुळे आहोत का? माझ्या चहाला हात न लावता गेले. तीन कप मीच प्यायले.

११ मार्च, सोमवार

शिवणाच्या खोलीतलं सामान दाराबाहेर आलं आहे.

फेकलेलं नाही. नीट रचलेलं. खाली माझी तीन चाकांची बॅग, शेजारी माझी इस्त्री, वर बटणांच्या बरण्या ओळीने. दार बंद, आतून कडी. पलीकडे मशीन चालत होतं, थांबत थांबत, एखादी लांब शिवण घालावी तसं.

हे रचणं मी ओळखते. माझ्या पहिल्या भाड्याच्या खोलीत मालकिणीने तिच्या गाद्या आणि पिंप ठेवलं होतं. मी सगळं असंच तिच्या दाराशी रचून ठेवलं होतं, आदराने. म्हणजे भांडण नको, पण कळावं की आता इथे मी राहते.

मी लेकीला फोन केला. ती म्हणाली, कडी जुनी असेल, आपोआप पडली असेल. आणि सामान? तिकडून जावई म्हणाला, ताईमावशी स्वच्छतेच्या फार भोक्त्या होत्या. लेकीने त्याला गप्प केलं. मग हळूच म्हणाली, आई, ये ना परत. मी म्हटलं, घर लागलं की येते.

फोन ठेवून मी जरा जोरात नाक शिंकरलं, तर पलीकडून भिंतीवर थाप बसली. आवाज करू नका, अशी.

१३ मार्च, बुधवार

आज ती आली होती, जिची मी वाट बघत होते. शाळेत शिकवते, एकटी राहते, माझ्यापेक्षा थोडी लहान. कुंड्यांकडे बघून स्वतःहून म्हणाली, यांना तहान लागलीय. मला रडू येईल असं वाटलं. भाड्याची घासाघीस नाही, काही नाही. म्हणाली, स्वयंपाकघर तेवढं बघू द्या, मग मी उद्याच सामान हलवते.

मी मुद्दाम ठरवलं होतं, आज दार ढकलायचं. ताईसारखं. पण पाहुण्यांदेखत पायाने दार कसं उघडायचं? हात वर गेला, माझ्या नकळत. टकटक केली.

आतून बाईचा आवाज आला, थांबा जरा.

रागाचा नाही. हाताला पीठ लागलेलं असताना कुणी म्हणतं तसा, स्वतःच्या घरातला. आणि कडी घातल्याचा आवाज.

शिक्षिकेचा चेहरा उतरला. म्हणाली, तुम्ही तर म्हणालात घर मोकळं आहे. ती म्हणाली, मला पोटभाडेकरू म्हणून ठेवायचा विचार होता का? तुमच्याकडे बघून वाटलं नव्हतं हो, शोभत नाही हे तुम्हाला. माझ्याशी असं कुणी कधी बोललेलं नाही. फाटक तिने उघडंच टाकलं. पडदेवालीचा पडदा हलला.

स्वयंपाकघर अजून बंद आहे. माझी भांडी बाहेर रचलेली आहेत, पुसून.

१४ मार्च, गुरुवार

एजंटच्या ऑफिसात जाऊन आले. हात जोडले म्हटलं तरी चालेल.

त्याने आधी नकारच दिला. मोकळं घर आणा, मी देतो लावून, बसलेलं घर मी घेत नाही. तुमच्या बहिणीने इतकी वर्षं आरडाओरडा करून थोपवलं होतं, तुम्ही आठवड्यात घरात घेतलंत, तेही मॅनर्सने. मी विचारलं, कुणाला? तो म्हणाला, मी नाव विचारत नाही, मॅडम, मी फक्त ताबा बघतो.

मग त्याला माझी दया आली असावी. त्याने दुसरी किल्ली मागून घेतली. शनिवारी सकाळी येईन म्हणाला. तोवर एक खोली धरून बसा, तिथून उठू नका. मालकाची एक तरी खोली राहिली पाहिजे, नाहीतर ताबा गेला, मग मीही काही करू शकणार नाही. आणि मी आलो की ठोठावणार नाही, दारं ढकलत येईन. कुणी ठोठावलं तर तो मी नाही. त्याला या म्हणायचं नाही.

एवढंच ना, मी म्हटलं.

ताईच्या खोलीत बसले आहे. बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या आणल्यात, बाथरूम इथेच आहे. मधल्या खोलीकडच्या दाराला आतून कडी घातली आहे. शिवणाच्या खोलीकडच्या दाराला आमच्या बाजूला कडीच नाही. ताईचं कपाट ढकलून लावलंय.

ताई, तू मला नीट का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस तर मी हसले असते. म्हणून नाही सांगितलंस.

१५ मार्च, शुक्रवार

फोन पुढच्या खोलीत चार्जिंगला राहिला. सकाळी आणायला उठले. दार ढकलायचं, ओरडायचं — हो बाजूला, माझं घर आहे. आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज फुटेना. कधी कुणावर ओरडलेच नाही मी.

कडी काढून दार ढकललं. हललं नाही. मधली खोलीही आतून बंद.

मागच्या खिडकीला जाळी आहे. पडदेवालीला हाका मारल्या. ती पडद्याआड उभी होती, दिसत होती. म्हणाली, तुमच्याकडे माणसं आहेत की, त्यांना सांगा. आणि खिडकी लावली.

मी माझी कडी परत घातली. थोड्या वेळाने दाराच्या फटीखालून माझी चप्पल आत सरकवली गेली. एक. मग दुसरी. जोडी जुळवून.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज. वेताची आहे. करकरते.

१६ मार्च, शनिवार

आला. एजंट आला. फाटक वाजलं, किल्ली फिरली, टाळी — जोरात. पुढच्या खोलीचं दार भिंतीवर आपटलं. देवा, किती गोड वाटला तो आवाज. मी ओरडले, मी इथे आहे, ताईच्या खोलीत.

मग मधल्या खोलीचं दार. धाड.

मग काही नाही.

मग त्याचा आवाज, एकदम खाली आलेला. माफ करा हं, म्हणत होता. माफ करा, बाई, मला वाटलं मोकळं आहे. नाही, नाही, बसा तुम्ही. चुकलं माझं.

दार हलकेच लावलं त्याने. अगदी हलकेच. पुढचंही. मी हाका मारतेय आणि तो पाऊल न वाजवता —

फाटकाशी तार उलगडल्याचा आवाज. पाटी काढून नेली त्याने. घर लागलं.

१६ मार्च, दुपार

दारावर टकटक झाली.

दोनदा. थांबून एकदा.

माझी आणि ताईची. दुसऱ्या कुणाला माहीत नाही — फळीला कान लावून कुणी ऐकलं असेल तरच —

ताई नाही ही. ताई असती तर ढकलून आली असती.

पुन्हा. दोनदा. एकदा. घाई नाही. थांबलीय. माझ्यापेक्षा तिचे मॅनर्स चांगले. मालकिणीची परवानगी हवी आहे तिला, शेवटच्या खोलीसाठी.

तोंडावर उशी धरली आहे. दारात कुणी ताटकळतंय आणि आपण गप्प — छातीत दुखतं. दुसऱ्या बाजूला कपाट हललं का —

पुन्हा. आता हळू. लहान मुलीसारखी. घरची आठवण आलेल्या —

तो शब्द मी बोलणार नाही. जिभेवर आलाय. इथे लिहून टाकते, म्हणजे तोंडातून जाईल —

ये

बोलले नाही. नुसतं लिहिलं. कडी माझ्या बाजूने आहे, माझ्याच बाजू— ती सरकतेय — मी बोलले नाही, ताई, मी नुसतं लि